शाळेच्या प्रवेशासाठी रविवारची हजेरी

लंडनच्या उपनगरांतल्या काही चर्चमध्ये रविवारची प्रार्थना संपली की दाराशी लहानशी रांग लागते. तिथे एक वही ठेवलेली असते, नाहीतर कार्डे टाकायचा डबा. दोन-तीन वर्षांचे मूल कडेवर घेतलेले आई-वडील त्या वहीत नाव आणि तारीख लिहितात आणि मग बाहेर पडतात. ही देणगीची वही नसते, हजेरीची असते. मूल शाळेत घालायची वेळ आली की याच नोंदींवरून पाद्री एका अर्जावर सही करणार असतात. हे कुटुंब महिन्यातून किती वेळा येते, किती वर्षे येते, एवढेच त्यात लिहायचे असते. पण घरापासून पाच मिनिटांवरच्या शाळेत त्या मुलाला जागा मिळणार की नाही, हे त्या सहीवर ठरू शकते.

ही शाळा खासगी नसते. तिथे फी नसते. शिक्षकांचे पगार, विजेचे बिल, पुस्तके, सगळा रोजचा खर्च सरकारी तिजोरीतून होतो. आपल्याकडे ‘कॉन्व्हेंट’ म्हटले की जे चित्र डोळ्यांसमोर येते, ते इथे जरा बाजूला ठेवायला हवे. इंग्लंडमधली ‘फेथ स्कूल’ म्हणजे आपल्या भाषेत सांगायचे तर जिल्हा परिषदेची शाळा, पण किल्ली देवस्थानाच्या विश्वस्तांकडे.

आणि अशा शाळा थोड्याथोडक्या नाहीत. इंग्लंडमध्ये सरकारी पैशावर चालणाऱ्या वीस हजारांहून अधिक शाळा आहेत. त्यांतली साधारण दर तिसरी शाळा कुठल्या ना कुठल्या धर्मसंस्थेशी जोडलेली आहे. चर्च ऑफ इंग्लंडच्या साडेचार हजारांवर, रोमन कॅथलिक चर्चच्या सुमारे दोन हजार. ज्यू शाळा पन्नासच्या आसपास, मुस्लिम शाळा त्याहून कमी, शीख आणि हिंदू शाळा अगदी थोड्या. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या ४६.२ टक्के लोकांनी स्वतःला ख्रिश्चन म्हटले, तर ३७.२ टक्के लोकांनी ‘कोणताही धर्म नाही’ या रकान्यात खूण केली. चर्चची बाके ओस पडत चालली असली तरी चर्चच्या शाळांचे वर्ग भरलेले आहेत.

पालकांना आपल्या मनाजोगी शाळा निवडता यावी, हे या व्यवस्थेचे मोठे समर्थन. ते पोकळ नाही. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यातले २६ वे कलम मुलाला कोणत्या प्रकारचे शिक्षण द्यायचे हे ठरवण्याचा पहिला हक्क आई-वडिलांचा मानते. युरोपच्या मानवी हक्क कराराला १९५२ मध्ये जी पुरवणी जोडली गेली, तिच्यात पालकांच्या धार्मिक आणि तात्त्विक श्रद्धांचा मान शिक्षणात राखला जावा असे लिहिले आहे. हिटलरच्या राजवटीने मुले घरापासून तोडून आपल्या साच्यात घातली होती. त्या अनुभवातून हे शब्द आलेले आहेत.

तत्त्व बाजूला ठेवले तरी घरची काळजी उरतेच. परक्या देशात राहणाऱ्या कुटुंबाला वाटते, मुलीने डोके झाकले तर वर्गात तिला कुणी हसू नये, डब्यातल्या जेवणाला कुणी नाक मुरडू नये, आजी घरी जे सांगते ते शाळेत खोटे ठरू नये. ही भीती ज्यांनी अनुभवली नाही त्यांनी तिला हलके लेखू नये.

प्रश्न त्यापुढचा आहे. पालक शाळा निवडतात की शाळा पालक निवडते?

याचे उत्तर शोधायला थोडे मागे जावे लागते, आणि गंमत अशी की वाट मद्रासवरून जाते. १७८९ मध्ये अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री मद्रासच्या एग्मोर भागात सैनिकांच्या अनाथ मुलांची शाळा चालवू लागला. शिक्षक पुरेसे नव्हते आणि जे होते त्यांचे शिकवण्यात मन नव्हते. एकदा त्याने एका देशी शाळेत मुले जमिनीवर वाळू पसरून बोटाने अक्षरे गिरवताना पाहिली. आपल्या जुन्या पंतोजींच्या शाळेतली धूळपाटी ती हीच. बेलने ती पद्धत उचलली. शिक्षक कुरकुरले तेव्हा वर्गातल्याच एका हुशार मुलाकडे लहानांना शिकवायचे काम दिले. कागद नको, जास्तीचे मास्तर नकोत, एका मुलाने दहांना शिकवावे, अशी ही काटकसरीची शाळा होती. १७९७ मध्ये त्याने लंडनमध्ये त्यावर पुस्तिका छापली आणि ‘मद्रास पद्धत’ हे नाव रूढ झाले.

१८११ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या पुढाकाराने नॅशनल सोसायटी स्थापन झाली. प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या प्रत्येक हद्दीत, गरिबांच्या मुलांसाठी एक शाळा काढायची आणि त्यांना चर्चच्या शिकवणीत वाढवायचे, हा तिचा उद्देश. शिकवण्याची पद्धत तिने बेलचीच घेतली. इंग्लंडच्या खेड्याखेड्यांत आज जी चर्चची प्राथमिक शाळा दिसते, तिच्या पायाशी अशी मद्रासची थोडी वाळू आहे. तीच पद्धत फिरून मुंबईला आली. १८१५ मध्ये आर्चडीकन बार्न्स यांच्या पुढाकाराने बॉम्बे एज्युकेशन सोसायटी निघाली. देवळालीची बार्न्स स्कूल याच संस्थेची. देशी मुलांच्या शिक्षणाचे काम पुढे वेगळ्या संस्थेकडे गेले, तिच्यात बाळशास्त्री जांभेकरांनी नेटिव्ह सेक्रेटरी म्हणून काम केले.

सांगायचा मुद्दा हा की इंग्लंडमध्ये चर्च आधी शाळेत आले, सरकार नंतर. १८३३ मध्ये पार्लमेंटने शाळांच्या इमारतींसाठी पहिल्यांदा वीस हजार पौंड मंजूर केले, ते धर्मसंस्थांच्या दोन सोसायट्यांच्या हाती दिले गेले. सरकारचे पहिले शिक्षण-अनुदान म्हणजे चर्चच्या शाळांना दिलेले अनुदान. आज जे कुणी विचारतात की धर्माच्या शाळेला सरकार पैसे का देते, त्यांना इतिहासाचे उत्तर एवढेच आहे: शाळा त्यांच्याकडेच होत्या.

१८७० च्या कायद्याने चित्र बदलू लागले. जिथे शाळा नव्हती तिथे लोकांनी निवडलेल्या मंडळांनी ती काढायची, असे ठरले. त्या कायद्यात एक छोटे पण फार मोलाचे कलम होते. धर्मशिक्षणाचा तास शाळेच्या सुरुवातीला किंवा शेवटी ठेवायचा आणि ज्या पालकांना नको असेल त्यांनी आपले मूल त्या तासातून काढून घ्यायचे. त्यापायी मुलाचे बाकी शिक्षण अडता कामा नये. मंडळाच्या शाळांत एखाद्या विशिष्ट पंथाची प्रश्नोत्तरावली शिकवायलाही बंदी घातली गेली.

मग आला १९०२ चा कायदा. चर्च ऑफ इंग्लंडच्या आणि कॅथलिकांच्या शाळांचा रोजचा खर्च आता लोकांच्या घरपट्टीतून भागवायचा होता. बॅप्टिस्ट आणि इतर पंथांच्या लोकांना हे मानवले नाही. आपल्या पैशातून दुसऱ्याचा पंथ आपल्याच मुलांना शिकवला जावा, हे त्यांना सहन होईना. जॉन क्लिफर्ड या बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाच्या नेतृत्वाखाली हजारोंनी घरपट्टीतला शाळेचा वाटा भरायचे नाकारले. घरातली घड्याळे आणि भांडी जप्त होऊन लिलावात गेली. शंभराहून अधिक लोक तुरुंगात गेले. या चळवळीला ‘पॅसिव्ह रेझिस्टन्स’ म्हणत. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेतल्या सत्याग्रहाचा इतिहास लिहिताना, सत्याग्रह आणि पॅसिव्ह रेझिस्टन्स यांतला फरक समजावण्यासाठी याच क्लिफर्ड यांच्या लढ्याचा दाखला दिला आहे.

आजची चौकट १९४४ ची, शिक्षणमंत्री रॅब बटलर यांच्या कायद्याची. युद्ध चालू होते, चर्चच्या शाळांच्या इमारती मोडकळीला आल्या होत्या आणि चर्चकडे पैसा नव्हता. बटलर यांनी चर्चपुढे दोन वाटा ठेवल्या. सगळा खर्च सरकारचा, पण प्रवेश आणि बहुतेक कारभार स्थानिक कौन्सिलच्या हाती, ही एक. दुसरी अशी की इमारतीच्या दुरुस्तीचा निम्मा भार चर्चने उचलायचा आणि त्या बदल्यात व्यवस्थापनात बहुमत, धर्मशिक्षण आणि प्रवेशाचे नियम चर्चच्या हाती राहायचे. कॅथलिक शाळांनी दुसरी वाट धरली. चर्च ऑफ इंग्लंडच्या बऱ्याच शाळा पहिल्या वाटेने गेल्या. पुढे चर्चचा तो निम्मा वाटा कमी होत होत दहा टक्क्यांवर आला. प्रवेश ठरवण्याचा अधिकार मात्र तसाच राहिला.

बरीच वर्षे याची कुणाला फारशी झळ लागली नाही. मुले जवळच्या शाळेत जात. १९८० च्या कायद्याने पालकांना शाळेची पसंती कळवण्याचा हक्क दिला. १९८८ च्या कायद्याने जागा असेपर्यंत शाळेने मुले घेतलीच पाहिजेत असे ठरवले. १९९२ पासून परीक्षांच्या निकालांवरून शाळांच्या क्रमवारीचे तक्ते वर्तमानपत्रांत छापले जाऊ लागले. मग मात्र सगळ्यांच्या नजरा त्याच चार शाळांकडे वळल्या. त्यांच्या आसपासची घरे महाग झाली. ज्यांना ते घर परवडत नव्हते, त्यांच्यासाठी चर्चची वही ही दुसरी वाट होती.

कायद्यातला शब्द इथे नीट पाहायला हवा. तो ‘पसंती’ आहे, ‘निवड’ नव्हे. लंडनमधले पालक अर्जात सहा शाळांची नावे क्रमाने लिहू शकतात. प्राथमिक शाळेचा अर्ज १५ जानेवारीपर्यंत भरायचा, उत्तर १६ एप्रिलला येते. धर्मसंस्थेच्या शाळेचे नाव घातले तर त्या शाळेचा आणखी एक पुरवणी अर्ज भरावा लागतो. खरी परीक्षा तिथे असते. मुलाचा बाप्तिस्मा कधी झाला, तारीख काय, कुठल्या चर्चमध्ये. प्रार्थनेला दर आठवड्याला येता, पंधरवड्याला की महिन्याला. किती वर्षे. खाली धर्मगुरूंची सही. जागा रिकाम्या असतील तर शाळेला कुठल्याही धर्माच्या मुलाला नाकारता येत नाही, हेही खरे. पण जिथे एका जागेसाठी चार अर्ज येतात, तिथे ही चौकट निर्णायक ठरते.

करोनाच्या साथीत चर्चना कुलुपे लागली तेव्हा या व्यवस्थेचे अंतरंग उघडे पडले. हजेरीच घेता येत नव्हती. चर्च बंद असेल त्या काळातली हजेरी मोजायची नाही, अशी सुधारणा शाळांना आपल्या प्रवेश-नियमांत करावी लागली. इतक्या मोठ्या साथीत, माणसे मरत असताना, कुठेतरी एका समितीला बसून हे वाक्य लिहावे लागले.

सटन ट्रस्ट या शिक्षणक्षेत्रातल्या संस्थेने २०१३ मध्ये पालकांची पाहणी प्रसिद्ध केली. आधी चर्चमध्ये जात नव्हतो, मुलाला चर्चच्या शाळेत घालायचे म्हणून जाऊ लागलो, असे सहा टक्के पालकांनी कबूल केले. सगळ्यात सुस्थितीतल्या वर्गात हे प्रमाण दहा टक्के होते. ही कबूल करणाऱ्यांची संख्या आहे. त्यांना दोष देणे सोपे आहे, पण चार वर्षांच्या मुलासाठी आई-बाप काय करणार नाहीत? दोष आहे तो देवघराचे तिकीटघर करणाऱ्या नियमांचा. आणि दोन पाळ्यांत काम करणारी, रविवारीही दवाखान्यात किंवा दुकानात ड्यूटी असणारी आई तिथे मागे पडते, तिची श्रद्धा कितीही खरी असली तरी.

लंडनच्या फुलहॅम भागातली लंडन ओरेटरी ही नावाजलेली कॅथलिक शाळा. टोनी ब्लेअर यांनी घराजवळच्या शाळा सोडून आपल्या मुलांना इतक्या दूर तिथे घातले, त्यावरून नव्वदीच्या दशकात मोठी टीका झाली होती. या शाळेच्या प्रवेश-नियमांत कुटुंबाने चर्चसाठी केलेल्या सेवेलाही वजन होते. चर्चमध्ये गाणे, फुलांची सजावट करणे अशा कामांची त्यात गणना होई. २०१४ मध्ये शालेय प्रवेशांच्या लवादाने या नियमांवर कडक आक्षेप घेतले, शाळा उच्च न्यायालयात गेली आणि २०१५ च्या निकालात काही मुद्द्यांवर तिला दिलासाही मिळाला. फुले रचायला सकाळी वेळ कुणाला असतो, हा साधा प्रश्न त्या कज्ज्याच्या मुळाशी होता.

चर्चच्या आतूनही आवाज उठले. ऑक्सफर्डचे बिशप जॉन प्रिचर्ड हे चर्च ऑफ इंग्लंडच्या शिक्षण मंडळाचे अध्यक्ष होते. २०११ मध्ये त्यांनी सुचवले की चर्चच्या शाळांनी श्रद्धाळू कुटुंबांसाठी फार तर दहा टक्के जागा राखाव्यात, बाकी शाळा परिसरातल्या सगळ्यांसाठी असावी. निकाल थोडे खाली आले तरी चालतील, अशी त्यांची तयारी होती. धर्माच्या माणसाने धर्माच्या बाजूने केलेली ही सूचना होती आणि ती या वादातली सगळ्यात शहाणी सूचना म्हणावी लागेल.

ख्रिश्चन आणि ज्यू शाळांना सरकारी पैसा मिळतो तर आम्हाला का नाही, हा इतर धर्मीयांचा प्रश्न रास्त होता. ‘कॅट स्टीव्हन्स’ या नावाने गाजलेले आणि पुढे मुसलमान झालेले गायक यूसुफ इस्लाम यांनी १९८३ मध्ये लंडनच्या ब्रेंट भागात इस्लामिया शाळा काढली. अनुदानासाठी त्यांना दशकभराहून अधिक काळ खेटे घालावे लागले. १९९८ मध्ये ते मिळाले. १९९९ मध्ये हेज इथली गुरू नानक शाळा सरकारी खर्चाने चालणारी पहिली शीख शाळा झाली. सप्टेंबर २००८ मध्ये हॅरो भागात कृष्ण-अवंती ही पहिली हिंदू शाळा उघडली. शाळेत मंदिर, शाकाहारी जेवण, योग, संस्कृत.

इथे मराठी वाचकाने जरा थांबावे. हॅरो, वेम्बली, स्लाव या भागांत मराठी कुटुंबे बरीच आहेत. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचे. पण कृष्ण-अवंतीत प्रवेश देताना ‘आचरण करणारा हिंदू’ म्हणजे कोण, याची व्याख्या करावी लागली. शाकाहार, मद्य न घेणे, मंदिराशी नित्याचा संबंध अशा गोष्टी त्यात धरल्या गेल्या आणि त्यावर ब्रिटनमधल्या हिंदूंमध्येच वाद झाला. सोमवारी शंकराला बेल वाहणारे, संकष्टीला चंद्र पाहिल्याशिवाय न जेवणारे आणि बुधवारी सुरमईचे कालवण करणारे मालवणी घर या व्याख्येत कुठे बसते? कोकणातल्या, गोव्यातल्या, कोल्हापुरातल्या कितीतरी देवभक्त घरांना तिथे अर्ज भरताना स्वतःबद्दल काय लिहायचे हा प्रश्न पडला असता. धर्माच्या आधारावर प्रवेश द्यायचा म्हटले की कुणाचा धर्म खरा हे कुणीतरी ठरवावे लागते. ते काम शाळेच्या कारकुनाच्या टेबलावर व्हावे, यासारखी वाईट गोष्ट नाही.

हाच पेच ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, तो एका ज्यू मुलामुळे. जेएफएस, म्हणजे ज्यूज फ्री स्कूल, ही १७३२ ची शाळा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे हजारो गरीब स्थलांतरित मुले शिकत. न्यायालयात ‘एम’ एवढ्याच अक्षराने ओळखल्या गेलेल्या मुलाचे वडील ज्यू. आई मूळची इटालियन कॅथलिक, तिने ज्यू धर्म स्वीकारला होता, पण सनातनी पंथाच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनागृहात, नव्हे. ज्यू परंपरेत मूल आईकडून ज्यू होते. चीफ रब्बींच्या, म्हणजे सनातनी ज्यूंच्या मुख्य धर्मगुरूंच्या, कार्यालयाला आईचे धर्मांतर मान्य नव्हते, म्हणून मुलगाही ज्यू नव्हता. तो सिनेगॉगमध्ये जात होता, सण पाळत होता, तरी त्याला प्रवेश नाकारला गेला. उलट आई जन्माने ज्यू असेल तर घरात देवाचे नावही न घेणाऱ्या कुटुंबाचे मूल तिथे पात्र ठरत होते.

१६ डिसेंबर २००९ रोजी नऊ न्यायमूर्तींनी निकाल दिला. पाच विरुद्ध चार. आईच्या वंशावरून प्रवेश ठरवणे म्हणजे १९७६ च्या वंशसंबंध कायद्याखाली भेदभाव आहे, असे बहुमताने ठरले. शाळेच्या मनात वंशद्वेष होता असे कुणाचेच म्हणणे नाही, हेही न्यायालयाने आवर्जून नोंदवले. निकालानंतर ज्यू शाळांना वंशाऐवजी आचरण मोजणे भाग पडले. सिनेगॉगच्या हजेरीला गुण आले. शब्बाथच्या दिवशी धर्म पाळणारा ज्यू लेखणी हातात धरत नाही, मग हजेरी लिहायची कशी, हाही प्रश्नच होता. जन्मावरून निवडणे चूक ठरले आणि त्याच्या जागी पुन्हा चर्चच्या दाराशी पाहिलेली तीच वही आली.

या शाळा खरोखर चांगल्या असतात का? निकालांच्या तक्त्यात त्या वर दिसतात, यात शंका नाही. पण लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे स्टीफन गिबन्स आणि ओल्मो सिल्व्हा यांनी प्राथमिक शाळांचा अभ्यास करून दाखवले की हा फरक मुख्यतः तिथे येणाऱ्या मुलांचा असतो, शाळेचा नव्हे. एज्युकेशन पॉलिसी इन्स्टिट्यूटच्या २०१६ च्या अहवालातही असेच दिसले. मुलांची घरची परिस्थिती हिशेबात घेतली की माध्यमिक शाळांत उरणारा फायदा एका विषयामागे श्रेणीच्या सातव्या हिश्श्याएवढा. आणि या शाळांत गरीब घरची मुले त्यांच्या परिसरातल्या प्रमाणापेक्षा कमी होती. पालक ज्याला ‘वातावरण’ म्हणतात, ते बरेचसे आधीच चाळून घेतलेले असते.

चाळणीचा दुसरा परिणाम मोजपट्टीत बसत नाही. २००१ च्या उन्हाळ्यात ओल्डम, बर्नली आणि ब्रॅडफर्डमध्ये दंगली झाल्या. टेड कँटल यांच्या चौकशी अहवालाने तिथल्या गोऱ्या आणि आशियाई वस्त्यांचे वर्णन ‘समांतर आयुष्ये’ असे केले. दोन वस्त्या, दोन शाळा, दोन मैदाने, आणि भेट कुठेच नाही. फक्त धर्मसंस्थांच्या शाळांमुळे हे झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. वस्त्या आधीच वेगळ्या होत्या. पण शाळा ही त्या वस्त्यांना एकत्र आणू शकली असती अशी शेवटची जागा होती.

उत्तर आयर्लंडमध्ये याची किंमत लोकांनी रक्ताने मोजली आहे. तिथे कॅथलिक मुले एका शाळेत, प्रोटेस्टंट दुसऱ्या. १९८१ मध्ये, तुरुंगातली उपोषणे आणि रस्त्यावरचे बॉम्बस्फोट चालू असताना, बेलफास्टच्या काही पालकांनी दोन्हीकडची मुले एकत्र शिकतील अशी लगन कॉलेज ही शाळा काढली. पहिल्या दिवशी २८ मुले होती. पालकांच्या निवडीबद्दल बोलणाऱ्यांनी या २८ मुलांच्या आई-वडिलांची आठवण ठेवावी. त्यांनीही शाळा निवडली होती, दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांचा रोष पत्करून. आजही तिथे शंभरातली सात-आठ मुलेच अशा मिश्र शाळांत जातात.

इंग्लंडने मधला मार्ग काढायचा प्रयत्न केला. २०१० पासून नव्याने निघणाऱ्या ‘फ्री स्कूल’ प्रकारच्या धार्मिक शाळांनी, अर्ज जास्त आले तर, निम्म्याच जागा धर्माच्या आधारावर द्यायच्या असा नियम झाला. कॅथलिक चर्चने तो मान्य केला नाही. कॅथलिक मुलाला केवळ कॅथलिक म्हणून परत पाठवणे आम्हाला जमणार नाही, असे म्हणत त्यांनी अशा शाळा काढल्या नाहीत. मे २०२४ मध्ये तत्कालीन सरकारने ही मर्यादा उठवण्याचा प्रस्ताव लोकांपुढे ठेवला, पण जुलैत निवडणूक होऊन ते सरकारच गेले.

नको म्हणण्याचा हक्क कागदावर असूनही वापरणे किती अवघड असते, हे २०१९ मध्ये ऑक्सफर्डशायरच्या एका गावात दिसले. तिथल्या एका दांपत्याने आपल्या मुलांना शाळेच्या ख्रिश्चन प्रार्थनेतून काढून घेतले. ही शाळा चर्चची नव्हती, तरी रोजची प्रार्थना इंग्लंडमधल्या सगळ्याच सरकारी शाळांना कायद्याने बंधनकारक आहे. बाहेर बसवलेल्या मुलांनी त्या वेळात काय करायचे? तितकेच मोलाचे दुसरे काही शाळेने द्यावे, ही पालकांची मागणी होती. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि सुनावणीआधी शाळेने ती मान्य केली.

भारतात चित्र उलटे आहे. राज्यघटनेच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. पण बालहक्क संरक्षण आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या ख्रिश्चन शाळांतली ७४ टक्के मुले ख्रिश्चन नाहीत. पुण्या-मुंबईतल्या, नागपूरमधल्या कितीतरी पिढ्या मिशनच्या शाळांत शिकल्या आणि घरी येऊन शुभंकरोती म्हणाल्या. दार उघडे ठेवणारी धर्माची शाळा कशी असते, हे आपल्याला ठाऊक आहे. आपली उणीव दुसरीकडे आहे. शिक्षणहक्क कायद्यातल्या वंचित मुलांसाठीच्या २५ टक्के जागा अल्पसंख्याक शाळांना लागू नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी या निर्णयाबद्दल शंका व्यक्त करून तो मोठ्या खंडपीठाकडे जावा असे म्हटले. हा प्रश्न तिथे लवकर निकाली निघावा.

एका बाबतीत मात्र आपली घटना इंग्लंडच्या कायद्यापेक्षा पुढे आहे. इंग्लंडमध्ये मूल प्रार्थनेत धरलेलेच असते, नको असेल तर पालकांनी उठून सांगायचे. आपल्या घटनेचे कलम २८(३) उलट सांगते. सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या कुठल्याही शाळेत, मग ती कुठल्याही धर्माची असो, पालकांनी आधी संमती दिल्याशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसण्याची सक्ती करता येत नाही. जूनमध्ये शाळेच्या पहिल्या पालकसभेला जाल तेव्हा ही संमती शाळेने कधी मागितली आहे का, एवढे जरूर विचारा.